जगदाळे सरांचं रंगीत पाणी

रहिमतपुरात नवी साडी पहिल्यांदा भिजवली की बाया जगदाळे सरांना निरोप धाडतात. ते रंगीत पाणी भरून न्यायला सर बाटली घेऊन स्कूटरवर हजर! रंग उतरला म्हणून मालकीण हळहळत असते आणि सर म्हणतात, "आवं वैनी, लय झ्याक रंग गेलाय!" अजून कुणी धुण्याचं धोपाटणं उगारलं नाही, हेच नशीब.

सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, मी इतिहास. गच्चीवरच्या खोलीत ते एक काळी भुकटी बनवतात. पेन्सिलीच्या शिशातल्या कार्बनचा अणूएवढा पातळ पापुद्रा म्हणजे ग्राफीन. त्यावर आणखी कसलीशी भुकटी बसवायची. ती रंगीत पाण्यात टाकून उन्हात ठेवली की रंग मोडतो, पाणी नितळ होतं. "सूत रंगवायच्या शेडचं पाणी वढ्याला जायच्या आधी असं झालं पायजे, गड्या," हे मी रोज डब्यातल्या भाकरीबरोबर खाल्लंय.

ती खोली कॉलेजच्या सचिवांना मोडकी बाकं ठेवायला हवी होती. शेवटी ठरलं, डोळ्यांदेखत रंग घालवून दाखवा, खोली तुमची. सरांचा जीव टांगणीला. आदल्या दिवशी खात्री करावी म्हणून त्यांनी एका बाटलीत भुकटी टाकली. गेला रंग! मग दुसरीत. मग राहवेना. सचिव आले तेव्हा गच्चीवर सगळ्या बाटल्यांत नुसतं नितळ पाणी.

"हे तर नळाचं दिसतंय," सचिव म्हणाले.

"काल हिरवं हुतं," सर म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

धावत जाऊन कपाट उघडलं, तर मागं काळ्या कागदात गुंडाळलेली एक बाटली. आत गर्द जांभळं पाणी! "सर, हाय की एक!"

सरांनी ती हिसकावूनच घेतली. "ही न्हाई."

"अहो, खोली जाईल!"

"जाऊ द्या."

सचिव जिना उतरून गेले. मी भडकलो. "एवढी वर्षं राबलात, आणि एका बाटलीपायी घालवलंत?"

सर खालीच बसले. "आमच्या हिनं लेकीच्या लग्नातली साडी धुतली, तवा भरून दिली. म्हणाली, 'आवं, घ्या तुमचं पाणी.' त्याच आठवड्यात गेली."

वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती.

ओढाओढीत कागद फाटला होता. "उजेड लागला की रंग उडतो, रं," सर पुटपुटले. मी दुसरा कागद आणायला खाली पळालो. परत आलो तर सर फाटलेल्या जागेवर तळहात दाबून तसेच बसले होते.