डेल्मिरोकाकांचं नाक

आमच्या वाडीत मला पैजेत हरवणारा अजून पाळण्यातसुद्धा आलेला नाही! हे वाक्य मी ओर्फेलिनामावशीच्या दुकानात, चुलीला पाठ शेकत, चार लोकांसमोर ठणकावून बोललो होतो. तेव्हाच जीभ चावायला हवी होती. पण माझी जीभ म्हणजे नांगर नसलेली होडी. भरती आली की निघालीच!

मी बाउदिलियो नाउतो. सगळे बाउचो म्हणतात. चिलोएच्या ह्या बेटावरून त्या बेटावर माझी छोटी लाँच फिरते. बटाट्याची पोती, मेंढ्या, म्हाताऱ्या, जे मिळेल ते नेतो. पण हे पोटापुरतं. खरं काम म्हणजे लोकांच्या खोड्या काढणं! देवळाच्या घंटेच्या दोरीला एकदा मी सॉसेज बांधलं होतं. त्या दिवशी पहाटेची प्रार्थना कुत्र्यांनी सुरू केली. पाद्री अजून मला प्रसाद देताना हात आखडता घेतो.

तर त्या दिवशी दुकानात 'माते' चहाचा भोपळा हातोहात फिरत होता, एकाच नळीनं सगळे कडू गरम पाणी ओढत होते, आणि डेल्मिरोकाका नेहमीच्या विषयावर आले होते.

"पिंजऱ्यातला सॅमन ना? बंद भांड्यातून ओळखीन! झाकण उघडायची गरज नाही. तो खाडीच्या पलीकडे शिजत असला तरी माझं नाक इकडे फुरफुरतं!"

"काका, नाक आहे की शिकारी कुत्रा?" मी म्हणालो.

"तुझ्या मिशीपेक्षा कामाचं आहे. पिंजरे आले तेव्हापासून एक घास गेला नाही माझ्या पोटात. आणि जाणार नाही!"

हे मात्र खरं होतं. काका पूर्वी समुद्रात दोऱ्या सोडून शिंपले वाढवायचे. मग खाडीत सॅमनचे पिंजरे आले. वरून टाकलेलं खाद्य तळाशी कुजायला लागलं, तळ काळा पडला, शिंपले मेले. कंपनीवाले म्हणाले, शिंपले आपले आपणच मेले. काकांनी त्या दिवशी ठरवलं, हा मासा खायचा नाही, आणि खाणाऱ्याच्या टेबलावर बसायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात कुठल्या लांबच्या देशातून दोन पोरं कॅमेरा घेऊन आली, तेव्हा काकांनी कॅमेऱ्यात डोळे घालून सांगितलं, "घेऊ नका हा मासा. आमचा समुद्र मरतोय." आणि तिकडच्या लोकांनी म्हणे ऐकलं! दुकानांपुढे पाट्या घेऊन उभे राहिले! काका महिनाभर छाती काढून चालत होते.

"मी तुम्हाला तो मासा खाऊ घालतो," मी म्हणालो. "सान पेद्रोच्या जत्रेआधी, सगळ्या वाडीसमोर! आणि तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही. वर आणखी मागाल!"

"लाग पैज!"

"लागली!"

"हरेल त्यानं काय करायचं?" ओर्फेलिनामावशीनं काउंटरवर कोपर टेकून विचारलं. तिला दुसऱ्याच्या फजितीत नेहमी व्यापार दिसतो.

"सान पेद्रोच्या मिरवणुकीत," काका म्हणाले, "होडीच्या टोकावर उभं राहून, सॅमन बनून नाचायचं. शेपटीसकट!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. मूर्खासारख्या!

आता माझा बेत ऐका. कोळ्यांचा संत सान पेद्रो, त्याच्या जत्रेच्या आधी देवळाच्या छपराच्या लाकडी फळ्या बदलायला सगळी वाडी जमते. कामाची मजुरी नसते, शेवटी कुरांतो असतो. म्हणजे जमिनीत खड्डा करायचा, त्यात धगधगते दगड, दगडांवर शिंपले, धुरवलेलं डुक्कर, कोंबडी, सॉसेज, बटाट्याच्या भाकऱ्या, वर कोबीची पानं, ओली पोती आणि गवताची ढेकळं. आत सगळ्याची वाफ सगळ्यात मुरते. कोंबडीला शिंपल्याची चव, शिंपल्याला डुकराची! अशा गोंधळात सॅमनचे चार तुकडे कुणाला कळणार? काका चावतील, म्हणतील 'वा!', आणि मी टेबलावर चढेन.

मासा कुठून आणायचा? तर काकांच्याच मुलीकडून! एदिलिया मासे कापायच्या कारखान्यात कामाला. ती तिथे लागली त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. घरं मात्र शेजारी शेजारी. काका रोज सकाळी तिच्या दारात फोडलेली लाकडं ठेवतात, ती संध्याकाळी त्यांच्या खिडकीत ताजा पाव ठेवते. दोघांपैकी कुणी 'तुझ्यासाठी' असं म्हणत नाही. जे काही बोलायचं असेल ते माझ्यामार्फत. "बाउचो, तिला सांग, छपराचा पत्रा सुटलाय." "बाउचोकाका, त्यांना सांगा, खोकल्याचं औषध घ्या." मी म्हणजे दोघांमधली तार!

मी गेलो तेव्हा एदिलिया पेटी भरत होती. पांढरे रबरी बूट खुर्चीवर, कपडे पलंगावर.

"कुठे स्वारी?"

"पुंता आरेनास. पार दक्षिणेच्या टोकाला, मावसबहिणीकडे. हॉटेलात काम मिळतंय." तिनं पेटीवरून हात फिरवला. "आमची शिफ्ट बंद केली काका. त्या कॅमेरावाल्या पोरांच्या देशात मासा विकला जात नाही म्हणतात. सान पेद्रोच्या दिवशीची बोट आहे."

मी खुर्चीवरचे बूट उगाच सरळ केले. 

"बाबा खोटं बोलले असं नाही," ती म्हणाली. "समुद्राचं काय झालंय ते मला दिसत नाही का? पण माझ्या शेगडीत काय आहे तेही मलाच दिसतं. जाऊ दे. तुम्ही कशाला आलात?"

आता शहाणा माणूस 'सहज' म्हणून उठला असता. मी म्हणालो, "थोडा सॅमन हवा होता."

"कुणासाठी?"

"तुझ्या बाबांच्या ताटात..." आणि थांबलो. पैज सांगून टाकायची की नाही, हा विचार करत थांबलो हो! पण एदिलियाच्या हातातला ब्लाउज खाली पडला.

"बाबांनी मागितला?"

मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते परत मिटलं.

"बाबांनी माझ्याकडून मासा मागितला? मी जायच्या आधी?" ती पेटीवरच बसली. "काका, मला एवढंच हवं होतं. एकदा तरी एका टेबलावर बसावं, आणि मग जावं."

"तू... तू फार गवगवा करू नकोस," मी कसंबसं बोललो. "त्यांना लाज वाटेल."

"कुणाला कळू देणार नाही!" ती म्हणाली. आणि मी तिथून असा पळालो की स्वतःची टोपीसुद्धा मागे विसरलो.

छपराच्या दिवशी मी फळ्या कमी आणि बोटं जास्त ठोकली. खड्ड्यावर दस्तुरखुद्द डेल्मिरोकाका! दगड तापवायला त्यांच्यासारखा माणूस आख्ख्या बेटावर नाही. त्यांनी थर लावले, वरचं डुक्कर नीट बसवलं, आणि सफरचंदाची दारू घ्यायला जरा बाजूला गेले. तेवढ्यात एदिलिया कुंपणामागून आली. हातात कोबीच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी. मी म्हटलं, चार तुकडे असतील.

चार तुकडे कसले! आख्खा मासा होता! बारशाला आणलेल्या पोरासारखा गुंडाळलेला, आणि तेवढाच मोठा! तिनं तो खड्ड्याच्या बरोबर मध्यभागी ठेवला, आईच्या पद्धतीनं लिंबू आणि कोथिंबीर भरून, आणि वर पानं, पोती, ढेकळं लोटून गेली. काका परतले ते खड्डा मीच झाकला असं समजले.

 कुरांतोत वाफ मुरते म्हणालो ना? ती सगळ्यातच मुरते!

ढेकळं काढली, पोती उचलली, आणि जो काही भपकारा वर आला! कोंबडी सॅमन, सॉसेज सॅमन, बटाट्याची भाकरी सॅमन! पाद्र्यानं डुकराचा तुकडा तोंडात घातला आणि छातीवर क्रॉस काढला. देवळाच्या जेवणात पिंजऱ्यातला मासा करायचा नाही असा वाडीचा ठराव होता. त्या ठरावाला हात वर करणारे सगळे खड्ड्याभोवती हातात ताटं घेऊन उभे. कुणी कुणाकडे बघेना.

"बाउचो!!" डेल्मिरोकाकांचा आवाज खाडीपलीकडे गेला असेल. "गाढवा! आंधळ्या मांजरानंसुद्धा ओळखलं असतं!"

"हरला! हरला!" लोक ओरडायला लागले. "बाउचो हरला! शेपटी शिवा रे कुणीतरी!"

काका हसत होते. इतके हसत होते की त्यांना खोकला आला. डोळे पुसून ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "बघा, ह्या दीडशहाण्यानं मला..."

"बाबा."

एदिलिया समोर उभी होती. दोन ताटं घेऊन. एका ताटात तिचं, एका ताटात त्यांचं. त्यांच्या ताटातला तुकडा पोटाकडचा, मऊ, काटे काढून ठेवलेला.

"बाउचोकाका म्हणाले तुम्ही मागितलात. आईसारखा केलाय."



काकांनी माझ्याकडे बघितलं. लोकहो, मला आयुष्यात पुष्कळ जणांनी शिव्या दिल्यात, पण तसं कुणी बघितलं नव्हतं. नुसतं एक वाक्य बोलले असते की झालं. 'मी मागितला नाही.' पैज जिंकलेली, वाडी बाजूनं, इतक्या वर्षांची टेक! एकच वाक्य.

त्यांनी ताट घेतलं.

"हो," ते म्हणाले. "मागितला होता." आणि मग जरा घसा साफ करून, "एवढा मोठा आण असं नव्हतं सांगितलं."

एदिलिया हसली. फळ्यांच्या ढिगावर दोघं शेजारी बसले. काकांनी पहिला घास तोंडात घातला. मी त्यांचा गळा बघत होतो. तो घास उतरायला फार वेळ लागला.

"बरा झालाय?"

"मीठ कमी आहे," काका म्हणाले. "तुझ्या आईच्याही हातचं कमीच असायचं."

आणि तेवढ्यात ओर्फेलिनामावशी! त्या बाईच्या तोंडाला कुलूप करणारा लोहार जन्मायचाय! "अगं बाई, मग पैजेचं काय?"

"कसली पैज?" एदिलियानं विचारलं.

आख्खी वाडी आभाळाकडे बघायला लागली. एदिलियाचा घास ताटावरच थांबला. तिनं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला दिसत होतं, तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळायला लागलंय. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती उठून निघून गेली असती, आणि मग थेट पुंता आरेनास.

माझी ती नांगर नसलेली जीभ पहिल्यांदाच कामाला आली.

"अगं, माझी आणि काकांची!" मी ओरडलो. "मी म्हणालो, 'काका, तुम्ही मरेपर्यंत पोरीकडे मासा मागणार नाही, तुमच्यात दमच नाही.' ते म्हणाले, 'मागून दाखवतो.' आणि दाखवला! आता मी सॅमन बनून नाचणार! हसा लेको, हसा!"

कुणी हसलं नाही. पण कुणी 'खोटं' असंही म्हणालं नाही. ओर्फेलिनामावशीसुद्धा! ह्या वाडीचं कधी कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी झालं. पाद्री म्हणाला, "मलाही जरा मासा वाढा." मग सगळेच खायला लागले, ठराव काखोटीला मारून, खाली मान घालून.

काकांनी आणखी एक तुकडा मागून घेतला. म्हणजे बघा, 'वर आणखी मागाल' एवढं माझं बोलणं खरं झालं. पण टेबलावर चढावंसं वाटलं नाही.

सान पेद्रोचा दिवस उजाडला. मावशीनं गुलाबी रजई फाडून माझा सॅमन केला होता. शेपटी माशांच्या खाद्याच्या पोत्याची, किनाऱ्यावर वाहून आलेल्या. डोळे म्हणून दोन बशा. तोंडातून माझी मिशी बाहेर! सजवलेल्या होड्यांची रांग निघाली, पहिल्या होडीत सान पेद्रोची मूर्ती, मागे अकॉर्डियन, आणि काकांच्या होडीच्या टोकावर मी. पोरं किनाऱ्यावरून ओरडत होती, "ए मासा, पिंजऱ्यात जा!" कुणीतरी बटाटा फेकून मारला. नेम चांगला होता.

आणि त्याच वेळी दक्षिणेकडे जाणारी मोठी बोट धक्क्यावरून सुटली.

एदिलिया कठड्याशी उभी होती. आम्ही अगदी जवळून गेलो. तिनं मला बघितलं आणि अशी हसत सुटली की कठड्याला धरावं लागलं तिला. पोटभर! ती इतकी हसलेली मी तिच्या लहानपणीच पाहिली होती.

मी नाचायचं थांबवून हात हलवणार, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. आवाज कसला, नुसता वारा.

"थांबू नकोस रे. नाच."

मी मागे वळलो. काका सुकाणू धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा पूर्ण भिजलेला होता.

"इकडे बघू नकोस. नाच म्हणतो ना! तिचं लक्ष तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे नको."

मग मी नाचलो. शेपटी हलवली, बशा खणखणवल्या, एका पायावर गिरकी घेतली, पडलो, उठलो, परत पडलो. किनाऱ्यावर सगळी वाडी हसत होती, बोटीवर एदिलिया हसत होती. बोट बेटाच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली. अकॉर्डियन थांबलं. सान पेद्रोसुद्धा परत धक्क्याला लागला.

मी अजून नाचत होतो. कारण थांब म्हणणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यानं बोलवत नव्हतं.