ब्याऐंशी टक्क्यांची शाळा

८२

शाळा निवडणं भाजी निवडण्याइतकं सोपं आहे, फक्त लोकांना टक्के वाचता येत नाहीत, असं बदलापुरातल्या मांजर्लीच्या भूपेशचं ठाम मत होतं. म्हणून त्याने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या अनुदानित शाळांचे दहावीचे निकाल एका तक्त्यात बसवले. चांगल्या हिरव्या, बाकीच्या लाल. त्याची मुलगी जिज्ञासा सातवीपर्यंत शिकली ती घराजवळची शाळा ब्याऐंशी टक्क्यांवर. कापलेल्या कलिंगडासारखी लाल.

"पण तिथे किर्ती बाई आहेत," जिज्ञासा म्हणाली. "त्यांनी शिकवलं की मला गणित कळतं."

"बाई तक्त्यात बसत नाहीत."

त्याची बायको संध्या पोळी लाटता लाटता म्हणाली, "मागे असाच तक्ता करून फ्रिज आणलात. त्यात बर्फ व्हायचाय अजून."

भूपेशने तक्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली नाव घातलं नाही. उगाच मोठेपणा नको. तिथून तो तक्ता पलीकडच्या कात्रपच्या ग्रुपवर गेला, आणि कात्रपहून कुठे कुठे गेला ते विचारू नका.

१००

विठ्ठलवाडीजवळची शाळा. दरवर्षी शंभर टक्के. हिरवीगार. जिज्ञासाला आठवीत तिथे घातलं. शेजारच्या सुजितनेही आपला मुलगा घातला. "भूपेशभाऊ, डोळे उघडलेत तुम्ही आमचे." भूपेश आठवडाभर जिन्यातून मान ताठ ठेवून उतरला.

११

हे जिज्ञासाचे नववीच्या सहामाहीतले गणिताचे गुण.

मुख्याध्यापिकांनी चहा मागवला, तेव्हाच भूपेशने सावध व्हायला हवं होतं.

"मुलगी गोड आहे," त्या म्हणाल्या. "दहावी तिला बाहेरून देऊ द्या. दाखला आम्ही लगेच देतो."

"बाहेरून? मग शाळेचं काम काय?"

"निकाल."

"पण तुमचे तर शंभर टक्के लागतात ना, मॅडम?"

"म्हणून तर."

चहा गोड होता. भूपेशने कप खाली ठेवला. तक्त्यात एक रकाना राहूनच गेला होता: परीक्षेला बसूच दिलं नाही ती मुलं किती.

(इथे आकडा नाही)

जुन्या शाळेत हरिचंद्र सर, मुख्याध्यापक, यांनी दाखला नीट वाचलासुद्धा नाही.

"ये गं. आपण सगळ्यांनाच बसवतो. त्यामुळेच ब्याऐंशी."

जिज्ञासा तोवर व्हरांड्यात डोकावून आली होती. "सर, किर्ती बाई कुठल्या वर्गावर आहेत?"

"बाई गेल्या, बाळा. पट घसरला, एक तुकडी तुटली. सगळ्यांत शेवटी नोकरीला लागलेल्या त्याच, म्हणून अतिरिक्त ठरल्या. आता मुरबाडच्या पलीकडे शिकवतात."

"मग गणित?"

"सध्या मी घेतो. माझा विषय इतिहास."

"पट कशाने घसरला?" भूपेशने विचारलं. उत्तर त्याला अर्ध्या वाक्यातच समजलं होतं, पण तोवर तोंड उघडून गेलं होतं.

सरांनी मोबाइल काढून पुढे धरला. तोच तक्ता, हिरवा आणि लाल. "हा फिरतोय दीडेक वर्ष. आईवडील बघतात आणि दाखले मागतात. केलाय कुणी, काय माहीत. पण काम बघा किती नीटस. करणारा माणूस हुशार असणार."

भूपेश आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"नाही सर," जिज्ञासा म्हणाली. "तेवढा नाही."