उसना फ्रिज आणि उमाजींची ॲडिशन

नल्लकुंट्याच्या मराठी मंडळात उमाजींइतका हजरजबाबी नट झाला नाही, असं खुद्द उमाजींचं मत होतं. लिहिलेली वाक्यं पाठ करणं हे कारकुनाचं काम. खरा विनोदी नट आयत्या वेळी सुचेल ते बोलतो, म्हणजे ॲडिशन घेतो. एकांकिका स्पर्धेतला विनोदी अभिनयाचा चषक नऊ वर्षं हुकला, तो केवळ लेखकांमुळे! यंदा तो घरी आणायचाच, म्हणून विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या सुशीलाबाईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोलाच, त्यांनी बजावलं की वही आणू नकोस.

साल चौऱ्याण्णव. घरोघरी नव्या कंपन्यांच्या वस्तू येत होत्या, म्हणून एकांकिकाही नव्या फ्रिजवरच होती. कोठी भागातल्या एका दुकानदाराने दोन दारांचा फ्रिज उसना दिला. अट एकच, नाटकात दुकानाचं नाव तीनदा घ्यायचं. ती तीन वाक्यं वहीत होती.

जामबागेतल्या सभागृहात पडदा उघडला आणि उमाजी सुटले. सासरा, राजकारण, बटाटे, सगळ्यावर बोलले. वीस मिनिटं झाली तरी दुकानाचं नाव काही निघेना. पहिल्या रांगेतला दुकानदार तणतणत बाहेर गेला. थोड्याच वेळात दोन हमाल सरळ रंगमंचावर आले आणि फ्रिजला दोर बांधू लागले.

हा फ्रिज मला प्राणांहून प्रिय आहे, अशी उमाजींनी ॲडिशन घेतली. कोणी हसलं नाही.

"सेठ बोले, वापस लाओ बोलके," यादगिरी नावाचा हमाल म्हणाला. सभागृहात हशा.

उमाजींनी फ्रिजला मिठी मारली. यादगिरीने दार उघडून पाहिलं.

"अंदर चिवडा है साब, निकाल लेव."

लोक खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. हमालांनी उमाजींना अलगद उचलून बाजूला ठेवलं, हातात चिवड्याचा डबा दिला आणि फ्रिज नेला. आता पुढे काय बोलायचं? बिचारे उमाजी विंगेकडे सरकले आणि हळूच पुढचं वाक्य विचारू लागले.

"वही घरी आहे," सुशीलाबाई शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

पुण्याहून आलेले परीक्षक भारावले होते. काय ती अस्सल बोली, एकही शब्द पाठ केलेला वाटला नाही, असं म्हणत त्यांनी विनोदी अभिनयाचा चषक हमालाला जाहीर केला. हमाल केव्हाच गेला होता. चषक पोचवायचं काम मंडळाने उमाजींच्या गळ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी गौलीगुड्यात यादगिरी सापडला. उमाजींनी मन घट्ट करून चषक पुढे केला आणि हा उत्तम अभिनयाचा आहे, असं सांगितलं. यादगिरीने तो उलटासुलटा करून पाहिला.

"गलत आदमी कू दे रै साब. एक्टिंग तो आप कर रै थे."