दोन मोबाइलांचे मयेकर

आमच्या ऑफिसातले बाळकृष्ण मयेकर लग्नाच्या मांडवात अक्षता टाकून झाल्या की दोन्ही हात वर करायचे. आशीर्वाद द्यायला नव्हे. उजव्या हातात आमच्या कंपनीचा मोबाइल, डाव्या हातात दुसऱ्या कंपनीचा. दोन्हींकडे आळीपाळीने बघून जाहीर करायचे, "उजवीकडं भरती, डावीकडं ओहोटी." नेटवर्कच्या दांड्या पूर्ण दिसल्या तर भरती, एकही नसली तर ओहोटी. एकदा नवरदेवाचा मामा वैतागून म्हणाला, "अहो, आधी जेवायला तरी बसा."

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत एका मोबाइल कंपनीत मी तक्रारी ऐकायला बसायचे आणि मयेकर जिल्ह्यातले टॉवर सांभाळायचे. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, भाड्याच्या खोलीत एकट्याचा संसार. गाव अंजनवेलच्या बाजूचं. वाटणीच्या वेळी मागच्या पडवीवरून थोरल्या भावाशी भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत बोलणं बंद. हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, पण भावाचा विषय काढायची सोय नव्हती. मी एकदा काढला, तर दोन दिवस मला नेहमीसारखं मायेनं 'बाय' म्हणायचं सोडून 'मॅडम' म्हणत होते.

कंपनी तेव्हा कात्रीत सापडली होती. आमचं नेटवर्क सीडीएमएचं. त्यात सिमकार्ड नाही, नंबर फोनच्या पोटातच. वाड्यावाड्यांतून आम्ही टेबलावर ठेवायचे बिनतारी फोन बसवले होते. जग मात्र जीएसएमच्या, म्हणजे सिमकार्डाच्या, मागे निघालं होतं. मुंबईच्या साहेबांपुढं तीन रस्ते होते. जुनंच सुधारत न्यायचं, जुनं एका फटक्यात बंद करून नवं आणायचं, नाहीतर काही काळ एकाच टॉवरवर दोन्ही चालवायचं. या तिसऱ्याला ते हायब्रिड म्हणत, आणि दुहेरी कटकट म्हणून तेच त्यांना नको होतं.

मयेकरांना नेमकं तेच हवं होतं. जुनं बंद झालं की अंजनवेलच्या टॉवरवरचे टेबलफोन त्याच दिवशी मुके होणार, आणि डोंगरामागच्या वाड्यांत दुसरा फोन नव्हता.

मुंबईहून एक तरुण साहेब आले. त्यांनी भिंतीवर जुन्याकडून नव्याकडं जाणारा मोठा बाण दाखवला. मयेकर उभे राहिले.

"साहेब, बाण हितून थेट तिथं गेला. मधली माणसं कुठं उभी ऱ्हायली?"

"ती नवा फोन घेतील ना."

"घेतील. पण भर खाडीत ह्या होडीतनं त्या होडीत उडी मारा, असं कसं सांगता? दोन होड्या बाजूबाजूला बांधा. म्हातारीकोतारी हळूहळू पलीकडं जाऊ देत. मग सोडा जुनी."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मयेकर म्हणाले, "चहा येतोय, बसा." आणि चहा येईपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

साहेब गेले, पण मयेकर काही गप्प बसले नाहीत. दीड महिना एसटीने आणि पायी वाडी न् वाडी हिंडले, घराघरांत दोन मोबाइल वर धरून वहीत टिपणं केली. अहवाल टाइप करायला अर्थात मी. मी कुरकुरले, "काका, मुंबईला पाठवायच्या कागदात 'ओहोटी' कसं लिहू?"

"तसंच लिही. मुंबईत ऱ्हातात, समुद्र बघितला असेलच."

शेवटी त्यांना मुंबईहून बैठकीचं बोलावणं आलं. निघताना त्यांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर एकच नंबर होता.

"सकाळी बरोब्बर अकराला लाव. 'कंपनीतून आवाज तपासतोय, एक ते दहा मोजा,' एवढंच म्हणायचं. मोजून झालं की ठेवायचं. जास्त बोलायचं नाही."

"कुणाचा नंबर?"

"टॉवरच्या अगदी टोकाचा आहे. नाव कशाला हवं?"

अकराला मी फोन लावला. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. पण पलीकडून आकडे आलेच नाहीत.

"आज बाळू नाय काय?"

मी गडबडले. "आपण कोण?"

"त्याचा थोरला भाव. तीन वर्सं झाली, रोज अकराला मला धा आकडे मोजाय लावतो. आवाज बदलून बोलतो. मला काय भावाचा आवाज कळत नाय?"

"मग तुम्ही तसं म्हणत का नाही?"

"म्हटलं नि उद्यापासून त्यानं फोन केलाच नाय तर?"

 मग त्यांनीच विचारलं, "बरा हाय ना तो?"

"बरे आहेत. तुमच्याकडचे फोन चालू राहावेत म्हणून मुंबईला भांडायला गेलेत."

म्हातारबुवांनी घसा खाकरला आणि मी न सांगता एक ते दहा सावकाश मोजले. "त्याला सांग, आवाज साफ येतो."

मी लगेच मयेकरांना फोन केला. ते बैठकीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. "काका, आवाज साफ आहे. आणि त्यांनी विचारलंय, बाळू बरा आहे ना?"

त्यांनी मला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग मयेकर म्हणाले, "आत बोलावतायत, बाय. दोन वर्सं मागतोय. घेतल्याबिगर उठत नाय." अगदी भावासारखं, पुरत्या गावच्या बोलीत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

दीड वर्ष मिळालं. अंजनवेलच्या टॉवरवर तेवढा काळ दोन्ही नेटवर्कं चालणार होती. मयेकर परत आले त्या दिवशी अकराला त्यांनी माझ्यासमोरच नंबर लावला. सवयीने "कंपनीतून" म्हणाले आणि थांबले. रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मी तिथून हलले नाही.

"दादा," मयेकर म्हणाले, "मी बाळू बोलतोय."