चूक कुठल्या भागात?

आमच्या वास्तुशांतीचं कार्ड मी इंग्रजीत छापून घेतलं, हा माझा शहाणपणा. शहापुरात असं कार्ड आलं की लोक तारीख बघतात, जेवण कुठं ते विचारतात आणि नंतर त्यावर पोरांना फरसाण देतात. वाचत कोणी नाही. त्याच भरवशावर मी ते छापलं होतं. पण शेजारच्या हरड सरांनी ते वाचलं.

वास्तुशांतीला ते आले आणि आहेराचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. आत माझंच कार्ड. मुख्य वाक्याचे लाल शाईने चार तुकडे केलेले, अ, ब, क, ड. 'ब'भोवती गोल.

"उपस्थिती एकवचनी, क्रियापद अनेकवचनी," सर शांतपणे म्हणाले. "तीनशे माणसं बोलावलीत म्हणून उपस्थितीचं अनेकवचन होत नाही."

मग ते पोटभर जेवले. जिलबी दोनदा घेतली.

हरड सर म्हणजे बाजारपेठेत, कापडाच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवणारे गृहस्थ. बँकेच्या परीक्षेत एक वाक्य चार तुकडे करून देतात. कुठल्या तुकड्यात चूक आहे ते ओळखायचं. पाचवा पर्याय असतो, 'चूक नाही.' उत्तर चुकलं तर हातचे गुणही कापतात. ही वाक्यं शिकवता शिकवता सरांची नजरच तशी झाली होती.

"पाचवा पर्याय आळशांसाठी असतो," ते वर्गात सांगत. "चूक नसलेलं वाक्य मी अजून पाहिलेलं नाही. शोधा, सापडेल."

"कसे आहात सर?" असं विचारलं तर म्हणत, "अ, ब आणि ड ठीक. क भागात गुडघा." वाण्याची पाटी, दवाखान्याचा फलक, सगळीकडे त्यांचं लाल पेन फिरलेलं. एकदा आळीतले म्हातारे बाबा गेले, तेव्हा त्यांच्या पोरानं चौकात श्रद्धांजलीचा इंग्रजी फ्लेक्स लावला. सर दहाव्याला गेले, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फार वाईट झालं. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत काळ चुकलाय." पोरगं अंगावर धावून आलं. आम्ही मध्ये पडलो.

"ह्या माणसाला सरणावर ठेवलं तरी उठून लाकडं सारखी करंल," माझी बायको तेव्हा म्हणाली होती.

किन्हवली, डोळखांब, पार उंबरमाळीपासून पोरं त्यांच्याकडे येत. त्यातली थोडी लागली, ती कल्याणला राहायला गेली. बाकीची वाशिंदच्या कारखान्यांत कंत्राटावर. सरांचा मुलगाही त्या बाकीच्यांत. कंत्राट संपलं की तो घरी बसायचा, नवीन मिळालं की जायचा. बाप-लेकाचं बोलणं जेवणापुरतं. सरांची बायको मागेच वारलेली.

मुलाला मुरबाडकडच्या गावातली बी.कॉम. झालेली मुलगी केली. नाव बेबी. शाळेच्या दाखल्यापासून पदवीपर्यंत बेबीच. घरात शेवटी जन्मली, हाका मारता मारता तेच नाव लागलं. आमच्याकडे गावागावात अशा बेब्या आहेत, काहींना नातवंडं झालीत. सरांना मात्र ते सोसेना.

"हे नावच नाही, सामान्य नाम आहे," ते लग्नाच्या मांडवात मला म्हणाले. "म्हशीचं नाव म्हैस ठेवल्यासारखं."

तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. सरांनी 'विदुला' ठरवलं. मुलाचा उकार चुकला, तर त्यांनी ताट हलवून तांदूळ सपाट केले आणि पुन्हा लिहायला लावलं. वऱ्हाडी हसले. नवरी खाली बघत होती.

पण पुढे झालं वेगळंच. सून हुशार निघाली. संध्याकाळी ती पडवीत वाल सोलत बसे, सर झोपाळ्यावरून वाक्य म्हणत. ती मान वर न करता "क" म्हणे.

"का?"

"तुमी मुद्दाम चुकवलाव म्हणून."

आणि सर हसत. त्या घरातून हसण्याचा आवाज येतो हे आम्हाला नवीन होतं. दोनदा तिची बँकेची नोकरी थोडक्यात हुकली. यंदा वयाची अट संपत होती. ही शेवटची परीक्षा. कंत्राटाशिवायचा पगार त्या घरात यायचा तर तो हिच्याच हातून.

परीक्षा मुरबाडच्या अलीकडे एका कॉलेजात होती. माझ्या गाडीतून मी दोघांना नेलं. सरांची एक रीत होती. दर परीक्षेला ते पोरांबरोबर जात आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहत. आत काही नेऊ देत नाहीत, त्यामुळे पोरं आपल्या पिशव्या, मोबाईल, पट्टे त्यांच्या हवाली करत. मुली कानातलं काढून रुमालाच्या गाठीत बांधून देत. सर झाडाखाली देवळाबाहेरच्या चपलांच्या राखणदारासारखे बसत. त्या दिवशी सुनेनं बांगड्या आणि मंगळसूत्र काढून त्यांच्या हातात दिलं.

"जास्त विचार करू नको," सर म्हणाले. "मनात पहिला आलेला पर्याय बरोबर असतो."

ती गेली आणि लगेच परत आली. हॉलतिकिटावर बेबी, आधार कार्डावर विदुला.

आधार कार्ड सरांनीच नगरसेवकाचं पत्र जोडून बदलून आणलं होतं, गेल्या दिवाळीनंतर. "अर्धवट दुरुस्ती बरी नव्हे," म्हणून. दाखल्यांवरचं नाव बदलणं जमलं नाही, ते राहिलं. फॉर्म दाखल्यावरच्या नावानं गेला.

सर फाटकाकडे धावले. गळ्यात दुसऱ्यांच्या चार पिशव्या, हातात पट्टे. फाटकावरचा माणूस उद्धट नव्हता, हीच पंचाईत. तो म्हणाला, "काका, दोन्हीकडं नाव एकच पायजे. सूचनांत लिहिलंय. नायतर लग्नाचं सर्टिफिकेट दाखवा."

लग्नाची नोंदणी कोणी केलीच नव्हती. सरांनी खिशातून सूचनांचा कागद काढला. तो कागद मी आदल्या दिवशी पाहिला होता. सरांनी तो लाल पेनानं सबंध तपासला होता, चुका काढल्या म्हणून मला हौसेनं दाखवायला आले होते. नावाची ती सूचनाही त्यात होती. तिच्यात एक शब्द गळलेला, तो त्यांनी वर खूण करून भरलेला. वाक्य दुरुस्त केलं होतं. ते काय सांगतंय ते वाचलं नव्हतं. मी तरी कुठं वाचलं? मी "वा सर" म्हणालो होतो.

मला वाटलं, आता सर इंग्रजीत तोफ डागतील. ते आपल्या गावच्या बोलीत बोलले.

"सायेब, पोरीचा नाव मीच बदलला हो. तिचा काय चुकला नाय. तिला जाऊ द्या, मी बसतू हतं, फाटकाशी."

"तुमी बसून काय होणार काका?" तो माणूस म्हणाला आणि फाटक लागलं.

आम्ही घरी निघू शकत नव्हतो. आत गेलेल्या पोरांचं सगळं सामान सरांकडे. म्हणून पेपर सुटेपर्यंत ती दोघं त्या पिशव्यांच्या ढिगात बसून राहिली. सरांनी मंगळसूत्र तिच्यापुढे धरलं.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पोरं बाहेर आली, सरांभोवती कोंडाळं करून विचारू लागली, "सर, तिसऱ्या वाक्यात ब का क?" सर एकेकाची पिशवी ओळखून देत राहिले. उत्तर कोणालाच दिलं नाही.

त्यानंतर पडवीत वाल सोलले जातात, पण वाक्यं ऐकू येत नाहीत. मुलाचं कंत्राट पावसाळ्यात संपलं. सून एका मेडिकलच्या दुकानात उभी राहते.

परवा आधार केंद्रापाशी रांगेत सर दिसले. हातात सुनेचा शाळेचा दाखला, आणि ती आपली बाजूला पायरीवर.

"आता काय सर?"

"नाव परत करायचंय."

"पण आता परीक्षा कुठं राहिली?"

"परीक्षेसाठी नाय," सर म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "आईबापानं ठेवलेला नाव. तिचा तिला द्यावा म्हटला." मग हलक्या आवाजात मला विचारलं, "ती बोलंल ना रे माझ्याशी?"

रांग पुढे सरकली, ते पुढे गेले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, "इतकं सगळं होऊन आता नाव परत करून काय उपयोग?"

तिनं भाकरी उलटली.

"माझाही बदललाच ना तुमच्या आईनं?" ती म्हणाली. "तिला निदान फाटकावर कोणी विचारला तरी, बाई तुझा खरा नाव काय म्हणून. मला आजपतूर कोणी विचारला पण नाय."