जाणारं गुलाबी, राहणारं निळं

सकाळी सव्वासात वाजता मुकादम केटलीसमोर हात मागे बांधून ताठ उभे होते.

"यह मेरी छोटी केतली है," ते म्हणाले. "केतली गरम है. केतली अच्छी है."

"चहा हवाय की नकोय?" बायकोने विचारलं.

"थांब गं, पंखा राहिलाय. यह मेरा पुराना पंखा है."

"पंखा राहू दे. परवापासून फिरतच नाहीये तो."

"यह मेरा पुराना, बिगडा पंखा है," मुकादमांनी लगेच दुरुस्ती केली आणि स्वतःवरच खूश होऊन कप हातात घेतला.

दोन महिने हे असंच चाललं होतं. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत मुकादम बावीस वर्षं मुकादमी करत होते. कंपनी आता दूरच्या एका शहरात नवी शाखा काढत होती. तिथे सगळा कारभार हिंदीत. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, त्याचं सामान बघायचं, एकेका वस्तूचं वर्णन त्याच्यासमोर बोलून यादीत लिहून घ्यायचं, म्हणजे नंतर 'आमचं कपाट नवंकोरं होतं' असं कुणी म्हणायला नको. या जागेसाठी माणूस हवा होता. मोठे साहेब स्वतः येऊन तोंडी परीक्षा घेणार होते. मुकादमांना ही जागा हवी म्हणजे हवीच होती. बावीस वर्षं लोकांचं सामान गावोगाव पोचवलं आणि आपण मात्र त्याच जिन्याने वर-खाली करतोय, याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता.

हिंदी शिकवायला शेजारच्या निवृत्त शिक्षिका होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बाँब टाकला.

"हिंदीत प्रत्येक वस्तू एक तर बाई, नाहीतर बुवा. मधलं 'ते' नाहीच. आणि विशेषणाने वस्तूसारखं वागायचं. बाई असेल तर पुरानी, बुवा असेल तर पुराना."

"मग आमच्या कपाटाचं काय करायचं?"

"अलमारी. बाई."

"घड्याळ?"

"घडी. बाई."

"निदान उशी तरी बाईच असेल?"

"तकिया. बुवा."

"म्हणजे एवढी वर्षं मी एका बुवाच्या पोटावर डोकं ठेवून झोपतोय?" मुकादमांनी विचारलं. बाईंनी थेट घरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावायचा उपाय सांगितला. बाईला एक रंग, बुवाला दुसरा. येता-जाता दिसलं की डोक्यात बसतं.

चिठ्ठ्या मुकादमांकडे गठ्ठ्याने होत्या. कंपनीच्याच, मागे गोंद असलेल्या, गुलाबी आणि निळ्या. कंपनीत त्यांना वेगळा अर्थ होता. गुलाबी चिठ्ठी म्हणजे जाणारं सामान, निळी म्हणजे राहणारं. ही पद्धत खुद्द मुकादमांनीच घालून दिली होती आणि हमालांकडून ती त्यांनी घोटून घेतली होती. "चिठ्ठीकडे बघा, माणसाकडे बघू नका," ते प्रत्येक टोळीला बजावायचे. "घर सोडायच्या दिवशी माणूस हळवा होतो. काहीही बोलतो. हे नेऊ नका, ते ठेवा, आम्ही जातच नाही आहोत. तुम्ही गोड बोलायचं आणि सामान उचलायचं." याला कारणही तसंच होतं. एकदा एक आजोबा आपल्या शोकेसला मिठी मारून रडत बसले होते आणि गाडी तीन तास दारात खोळंबली होती.

तर मुकादमांच्या घरात गुलाबी आणि निळ्याचा सुळसुळाट झाला. छोटी कुर्सी, गोल मेज, चौडी अलमारी, भारी सिलाई मशीन, हरी बाल्टी, फटी छतरी हे सगळं गुलाबी. पंखा, आईना, परदे, पलंग, तकिया हे निळं. दाराचं कुलूप निळं, त्याची किल्ली गुलाबी. एवढं सगळं झालं, पण त्या नव्या शहरात यायचं आहे का, हे मुकादमांनी बायकोला एकदाही विचारलं नव्हतं. मुद्दाम नव्हे, डोक्यातच आलं नव्हतं. तिने दोनदा "मला जरा बोलायचंय" म्हटलं, तेव्हा "परीक्षा होऊ दे" म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

परीक्षेच्या दिवशी त्यांना फारच उत्साह आला. बायको ओट्याशी वळलेली बघून त्यांनी एक गुलाबी चिठ्ठी लिहिली, 'समझदार पत्नी', आणि तिच्या पाठीवर अलगद चिकटवली. तिला कळलं नाही. मग ते बूट घालायला वाकले, तेव्हा बायकोनेही त्यांच्या पाठीवर थाप मारली. "नीट बोला हं," ती म्हणाली. "घाबरू नका." मुकादमांना भरून आलं. बायको आपल्याबरोबर आहे असं त्यांना वाटलं आणि ते निघाले.

ऑफिसात मोठ्या साहेबांचा निरोप येऊन पडला होता. ते आधी गोदाम बघून येणार होते, तोवर मोबाईल बंद ठेवावा आणि वाट बघावी. मुकादमांनी मोबाईल बंद केला आणि समोरच्या भिंतीला मनातल्या मनात 'सफेद दीवार' म्हणत बसून राहिले.

इकडे दहाच्या सुमाराला कंपनीची गाडी त्यांच्याच इमारतीसमोर थांबली. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचं घर हलवायचं होतं. टोळीचे म्होरके होते काका. मुकादमांच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात जुना आणि सगळ्यात आज्ञाधारक माणूस. लिफ्ट बंद होती. धापा टाकत मजले मोजताना काकांचा एक चुकला. समोर दार सताड उघडं, आत जिकडे बघावं तिकडे चिठ्ठ्या आणि अक्षर खुद्द मुकादमांचं.

"आयला! हे तर आपल्या साहेबांचंच घर," काका म्हणाले. "परीक्षेआधीच बदली पक्की झाली की काय! बोलले नाहीत कुणाला. चला रे, घरचं काम आहे, ओरखडा उठता कामा नये."

बायको आतून धावत आली. "अहो काका, हे काय करताय? वरच्या मजल्यावर जायचंय तुम्हाला!"

"होय वहिनी," काका गोड आवाजात म्हणाले.

"आम्ही कुठेही जात नाही आहोत!"

"सगळ्यांना असंच वाटतं, वहिनी. पाणी प्या जरा."

"काका, शुद्धीवर आहात का? अहो, कपाट खाली ठेवा!"

"साहेबांनी सांगितलंच होतं," काका मागच्या हमालाला हळूच म्हणाले, "माणूस हळवा होतो."

तिने नवऱ्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. तोवर कपाट, टेबल, खुर्च्या, घड्याळ, शिलाई मशीन सगळं जिना उतरून गेलं होतं. पलंग राहिला, पलंगावरची चादर गेली. उशा जागच्या जागी राहिल्या. आरसा भिंतीवर राहिला आणि त्यात बघायला घरात काही उरलं नाही. बायकोने संतापाने पाठ फिरवली आणि तिथेच काकांना ती चिठ्ठी दिसली. काका चिठ्ठीवरचा मजकूर कधीच वाचत नसत. नियम रंगाचा होता.

"वहिनी, तुम्ही गाडीत पुढे बसा," ते अदबीने म्हणाले. "खिडकीजवळ."

"बसतेच!" ती कडाडली. "माझं मशीन जिथे जाईल तिथे मी जाणार. बघते कोण साहेब आहे तिथे!"

काकांनी दाराला कुलूप लावलं. कुलूप निळं, म्हणून ते दारावर राहिलं. किल्ली गुलाबी, म्हणून ती गाडीत गेली.

ऑफिसात मुकादम एक वाजेपर्यंत बसले, दोन वाजेपर्यंत बसले. साडेतीनला टेलिफोनवरची मुलगी त्यांच्यापाशी आली. सकाळपासून ती का कोण जाणे त्यांच्याकडे बघून हसत होती.

"साहेबांचा फोन होता. ते गोदामातूनच परत जाणार आहेत. परीक्षा रद्द झाली."

"रद्द? का?"

"त्यांना तिथेच माणूस मिळाला म्हणे. हिंदी एकदम पक्की. साहेब भलतेच खूश आहेत."

मुकादम तडक घराकडे निघाले. दोन महिने केटलीशी गप्पा मारल्या त्या यासाठी! बायकोला काय तोंड दाखवायचं, या विचारात ते घरी पोचले, तर दाराला कुलूप. कुलपावर त्यांच्याच अक्षरात 'मजबूत ताला'. वरच्या पायरीवर चौथ्या मजल्यावरचे आजोबा गाठोड्यांवर बसलेले.

"मुकादम, तुमची माणसं येणार कधी हो?" आजोबांनी विचारलं. "सकाळपासून बांधून बसलोय. तुमचं बरं आहे, तुमचं घर पटकन हललं."

"माझं घर?"

"हो. तुमच्या सौभाग्यवती पुढे बसून गेल्या की. चांगलाच आवाज चढला होता."

मुकादमांनी कुलपाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि बावीस वर्षांची मुकादमी त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम लख्ख उजळली. "मेलो!" एवढंच म्हणून ते गोदामाकडे पळत सुटले.

गोदामाच्या मध्यावर त्यांचं घर मांडलेलं होतं. कपाटाशेजारी मशीन, मशीनशेजारी गोल टेबल, टेबलावर घड्याळ आणि केटली. खुर्चीत बायको चहा पीत बसली होती. काका बाजूला बादली उलटी करून बसले होते.

"आलात?" बायको म्हणाली. "बसा. या खुर्चीचा पाय डगमगतोय, सांभाळून."

"साहेब कुठे आहेत?"

"गेले. भला माणूस. यादीशिवाय आलेलं सामान बघून आधी भडकलेच. मला म्हणाले, एकेक चीज बताइए. मी सांगितलं. यह मेरी चौडी अलमारी है, दाईं ओर से घिसी हुई. यह भारी सिलाई मशीन है, इसे उलटा रखा तो खबरदार. असे एकवीस नग सांगितले."

"तुला हिंदी कधी आली?"

"दोन महिने रोज सकाळी भांड्यांशी कोण बोलत होतं? मला काय कान नाहीत? तुम्ही बाकी अजून 'मेरा खिडकी' म्हणता. तेच सांगायचं होतं मला, तुम्ही ऐकून घ्याल तर ना!"

मुकादमांनी मान खाली घातली. "मग तो मिळालेला माणूस..."

"मीच. यादी करायला आणि गिऱ्हाइकाशी बोलायला. मुकादमही लागणार आहे म्हणे तिथे. तुमचं नाव सांगून ठेवलंय."

"तू हो म्हणालीस?"

"नाही," ती कप खाली ठेवत म्हणाली. "म्हटलं, घरी विचारून सांगते. दोघांनी जायचं तर दोघांना विचारायला नको?"

मुकादमांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त बरं वाटलं. आजपर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"ते पुढचं नंतर बघू," बायको उठत म्हणाली. "आधी हे सगळं घरी न्या. काका, भरा गाडी. आजोबा तिकडे ताटकळलेत. अहो, चला. येताय ना?"

"येतो," मुकादम म्हणाले. "तू म्हणशील तिथे येतो."

गाडी भरून झाली. बायको खिडकीजवळ बसली. मुकादम चढायला गेले, तर काकांनी आडवा हात धरला.

"साहेब, तुम्हाला नाही घेता येणार."

"का?"

"पाठीवर निळी चिठ्ठी आहे. निळं म्हणजे राहणारं."

मुकादमांनी मागे हात घालून ती ओढून काढली. बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जिद्दी पती'. सकाळची थाप आणि टेलिफोनवरच्या मुलीचं हसू त्यांना एकदमच आठवलं.

"अहो काका, मीच सांगतोय ना, मला जायचंय!"

"होय साहेब," काका गोड आवाजात म्हणाले. "पाणी प्या जरा."

"काका!"

"चिठ्ठीकडे बघायचं, माणसाकडे बघायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

बायकोने हसू दाबत स्वतःच्या पाठीवरची चिठ्ठी काढली. ती आहे हे काकांनीच तिला गाडीत सांगितलं होतं आणि तिने ती तशीच राहू दिली होती. खिडकीतून वाकून तिने ती नवऱ्याच्या छातीवर चिकटवली आणि वरून दोन थापा मारल्या.

काकांनी 'समझदार पत्नी'वरून एकदा नजर फिरवली, रंग बघितला आणि दार उघडलं.

"बसा, साहेब," ते म्हणाले. "आता कसं, नियमात आहे."