साठ्यांची दह्याची नळी

अविनाश साठ्यांना जेवायला बोलावलं, की दारात बूट काढता काढताच ते विचारतात, "दही घरचं ना?" घरचं असलं, तर खिशातून झाकणाची इवलीशी नळी निघते आणि तिच्यात चमचाभर दही जातं. मग साठे निवांत. जेवायला काय आहे, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

साठे आमचे उइटहॉर्न या डच गावातले शेजारी. एकटेच राहतात. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले, हे जिवाणूवाले. काही जिवाणूंच्या अंगावर प्रथिनांचा विणल्यासारखा थर असतो. तो कुठल्या जनुकामुळे तयार होतो हे शोधायचं आणि एकाचं जनुक दुसऱ्याशी ताडून बघायचं, हे त्यांचं काम. त्या थराला ते 'अंगरखा' म्हणतात. "तुमचा अंगरखा फार देखणा आहे हो," असं आल्मेरेच्या एका वहिनींना त्यांनी भर पार्टीत सांगितलं. त्यांचे यजमान अजून साठ्यांशी जरा जपूनच बोलतात.

प्रयोगशाळेत फार लाड झाले की काही जिवाणू हा अंगरखा टाकूनच देतात, हे साठ्यांचं आवडतं दुःख. "आयतं मिळाल्यावर कोण घालतंय?" म्हणत ते आमच्या मुलीकडे, ईराकडे बघतात. ती भर जानेवारीत हीटिंग वाढवून टी-शर्टवर बसलेली असते. "या होर," म्हणजे डचमध्ये 'हो, कळलं', असं म्हणते आणि मोबाइलमध्ये डोकं घालते.

यंदा बायकोनं घरी दही लावायला सुरुवात केली, तेव्हा आमचंही दही नळीत गेलं. आणि एका शनिवारी साठे न कळवता दारात उभे.

"वहिनी, विरजण कुणाकडून आणलंत?"

"ब्रेडाला राहायला गेलेल्या मेघनाकडून. का हो भावजी?"

"तिला कुणी दिलं?"

बायकोनं फोन स्पीकरवर लावला. मेघना म्हणाली, "अगं, ते साठ्यांच्या आईचं. आम्ही उइटहॉर्न सोडताना काकूंनी डबीत भरून दिलं होतं."

साठे सोफ्यावर बसले. मग हळूहळू सांगू लागले. आईनं त्यांच्याकडे राहायला येताना सांगलीहून ते विरजण आणलं होतं. गंमत म्हणून त्यांनी त्यातल्या जिवाणूंचं जनुकही तपासून ठेवलेलं, आणि आमच्या दह्यातलं त्याच्याशी तंतोतंत जुळलं होतं. पुढे आई वारली, ते महिनाभर सांगलीला होते. परत येऊन बघतात तर फ्रिजमधल्या दह्यावर हिरवी बुरशी.

"लोकांचं दही लॅबच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलं, वहिनी. आपलं नाही ठेवलं. घरात होतंच की. तेव्हापासून घरोघर शोधतोय. आईला सगळ्यांना विरजण वाटत सुटायची सवय, म्हटलं कुणाकडे तरी असेल."

 बायको उठली. दूध कोमट केलं, विरजणाची वाटी काढली आणि त्यांना न्यायला डबा शोधू लागली.

"वहिनी," साठे संकोचत म्हणाले, "आज इथेच लावू का? माझ्याकडे नाही लागलं तर मला सकाळी एकट्याला ते बघवणार नाही."